खुफूतून खाफ्रे वजा केला तर काय उरतं? पिरॅमिडचं घनफळ काढण्याची आणि तुलना करण्याची रीत

इजिप्तमधल्या गिझाच्या पठारावर तीन राजांचे तीन मोठे पिरॅमिड आहेत: खुफूचा, खाफ्रेचा आणि मेनकौरेचा. लांबून पाहिलं की मधला, खाफ्रेचा, सगळ्यांत उंच वाटतो. तो खुफूच्या पिरॅमिडपेक्षा सुमारे १० मीटर उंच जमिनीवर बांधलेला आहे आणि टोकाकडचं थोडं बाहेरचं दगडी कवचही त्यावर अजून टिकून आहे, म्हणून हा भास होतो. मूळ मापं घेतली तर खुफू १४६.६ मीटर आणि खाफ्रे १४३.५ मीटर, म्हणजे जेमतेम तीन मीटरचा फरक. पण घनफळात खुफू ३ लाख ७४ हजार घनमीटरांनी पुढे आहे. मेनकौरेचा अख्खा पिरॅमिड २ लाख ३३ हजारांचा. खुफू आणि खाफ्रे यांच्यातल्या फरकात हा तिसरा संपूर्ण मावतो आणि वर १ लाख ४१ हजार घनमीटर जागा उरते.

हे आकडे कसे येतात, कुठे चुकतात आणि चुकले तर किती चुकतात, ते खाली क्रमाने.

सूत्र एक, उंच्या तीन

घनफळ = पायाचं क्षेत्रफळ × लंब उंची ÷ ३

पाया चौरस असो, आयत असो, त्रिकोण असो, सूत्र हेच. टोक मधोमध नसून एका बाजूला कललेलं असलं तरीही हेच. अट एवढीच, की बाजू पायापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत.

खुफूसाठी पायाची बाजू २३०.३ मीटर धरा.

१. पायाचं क्षेत्रफळ: २३०.३ × २३०.३ = ५३,०३८.०९ चौरस मीटर.
२. त्याला लंब उंचीने गुणा: ५३,०३८.०९ × १४६.६ = ७७,७५,३८४.
३. तीनने भागा: २५,९१,७९५ घनमीटर.

मधल्या पायरीवर आकडा गोल करू नका. शेवटी मात्र जरूर करा, कारण मूळ मापच दहा सेंटिमीटरपर्यंत दिलेलं असताना उत्तर शेवटच्या घनमीटरपर्यंत सांगण्यात अर्थ नाही. "सुमारे २५ लाख ९२ हजार घनमीटर" हे प्रामाणिक उत्तर.

सगळ्यात जास्त चुका उंचीत होतात. पिरॅमिडवर तीन लांब्या "उंची" म्हणून खपतात. टोकापासून पायाच्या मध्यावर सोडलेला ओळंबा म्हणजे लंब उंची, १४६.६. टोकापासून एका बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत उतारावरून मोजलेली ती तिरकस उंची, खुफूसाठी १८६.४. आणि टोकापासून कोपऱ्यापर्यंतची कड २१९.१. सूत्रात फक्त पहिली चालते. तिरकस उंची घातली तर घनफळ २७ टक्क्यांनी फुगतं, कड घातली तर जवळजवळ ४९ टक्क्यांनी. प्रत्यक्ष पिरॅमिडवर टेप लावता येते ती नेमकी या दोन चुकीच्या लांब्यांनाच, म्हणून ही चूक इतकी सहज होते.

तिरकस उंची हाताशी असेल तर पायथागोरसने लंब उंची काढायची: तिरकस उंचीचा वर्ग वजा निम्म्या बाजूचा वर्ग, मग वर्गमूळ. कड माहीत असेल तर निम्म्या बाजूऐवजी पायाचा निम्मा कर्ण वजा करायचा. इथे निम्मी बाजू वापरली की पुन्हा घोळ.

पुठ्ठ्यावर करून पाहा

"तीनने भागा" हे पाठ असतं, पटलेलं नसतं. त्यासाठी १० सेंटिमीटर बाजूचा चौरस पाया आणि १२ सेंटिमीटर उंची घ्या. मापं मुद्दाम अशी निवडली आहेत: निम्मी बाजू ५, उंची १२, म्हणून तिरकस उंची बरोबर १३ येते, दशांश येत नाहीत.

जाड पुठ्ठ्याचे चार समद्विभुज त्रिकोण कापा, प्रत्येकाचा पाया १० आणि उंची १३. कडा चिकटपट्टीने जोडा, तळ उघडा ठेवा. दुसरीकडे १० × १० × १२ ची इष्टिकाचिती म्हणजे वर उघडा खोका बनवा. पिरॅमिड उलटा धरा, मोहरीने काठोकाठ भरा, पट्टी फिरवून सपाट करा आणि खोक्यात ओता. तिसऱ्या ओतण्याला खोका भरतो. पिरॅमिड ४०० मिलीलीटरचा, खोका १,२०० चा.

भरला नाही, तर त्रिकोणांची उंची मोजा. बहुतेक वेळा ती १३ ऐवजी १२ कापलेली असते, "उंची १२" असं सांगितलेलं असतं म्हणून. मग पिरॅमिडची खरी लंब उंची १०.९ वर येते, घनफळ सुमारे ३६४ मिलीलीटर होतं आणि तीन वेळा ओतूनही खोक्यात साधारण १०९ मिलीलीटरची जागा रिकामी राहते. दुसरं कारण खोक्याच्या फुगलेल्या भिंती. पातळ पुठ्ठा मोहरीच्या भाराने बाहेर झुकतो. मधोमध चिकटपट्टीचा एक वेढा दिला की प्रश्न मिटतो. रवा नको, तो हलवला की दबतो.

आकड्यांनी पटवायचं तर पायऱ्या मोजा. सारख्या उंचीच्या सहा पायऱ्या, बाजू ६, ५, ४, ३, २, १ या प्रमाणात. त्यांच्या वर्गांची बेरीज ९१; पूर्ण खोक्याचे भाग ६ × ३६ = २१६. म्हणजे ०.४२१ हिस्सा. दहा पायऱ्या केल्या तर ०.३८५, शंभर केल्या तर ०.३३८. पायऱ्या बारीक होत जातील तसा आकडा एक तृतीयांशाकडे सरकतो. यातून एक व्यवहारी गोष्टही निघते: इजिप्तमधल्याच सक्काऱ्याच्या, जोसेर राजाच्या पिरॅमिडसारख्या मोजक्याच, ढोबळ पायऱ्यांच्या रचनेला एक तृतीयांशाचं सूत्र लावू नये, उत्तर बरंच कमी येतं. तिथे प्रत्येक पायरी वेगळी मोजून बेरीज करायची.

"तीन" हा आकडा सहज मिळालेला नाही. आर्यभटीयात (इ.स. ४९९) त्रिकोणी तळाच्या अशा घनाकृतीसाठी पाया गुणिले उंचीचा निम्मा हिस्सा सांगितला आहे, असाच त्या श्लोकाचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. क्षेत्रफळात त्रिकोण आयताच्या निम्मा असतो, म्हणून घनफळातही निम्मा, ही ओढ आजही वर्गात दिसते. ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथात (इ.स. ६२८) तीनने भागण्याचा नियम आहे.

उंची माहीत नसेल, उतार माहीत असेल

लंब उंची = निम्मी बाजू × उताराच्या कोनाचा टॅन. खुफूचा उतार सुमारे ५१ अंश ५० मिनिटं, ११५.१५ × टॅन ५१.८३ = १४६.५. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ५० मिनिटं म्हणजे ०.५० अंश नव्हे, ५० भागिले ६०, म्हणजे ०.८३. चुकून ५१.५० घातलं तर उंची सुमारे १.७ मीटरने आणि घनफळ ३० हजार घनमीटरांनी घसरतं. दुसरा, कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलेला असणं. ५१.८३ रेडियनचा टॅन १५९ च्या आसपास येतो आणि खुफूचा पिरॅमिड अठरा किलोमीटर उंच होतो. ही चूक निदान लपत तरी नाही.

खुद्द इजिप्तमध्ये कोन अंशांत मोजत नसत. एक हस्त वर चढलं की बाजू किती पंजे आत येते, याला सेकेद म्हणत. चार अंगुळांचा एक पंजा, सात पंज्यांचा एक हस्त, आणि तो राजहस्त सुमारे ०.५२३६ मीटर. खुफूची बाजू ४४० हस्त, सेकेद साडेपाच पंजे. उंची = २२० × ७ ÷ ५.५ = २८० हस्त. टॅन नाही, कोष्टक नाही. घनफळ ४४० × ४४० × २८० ÷ ३ = १,८०,६९,३३३ घनहस्त. याचे घनमीटर करताना ०.५२३६ चा घन, म्हणजे ०.१४३५५ ने गुणायचं. सुमारे २५ लाख ९४ हजार येतात. मीटरमधल्या उत्तराशी फरक एक हजारांश भागाहूनही कमी. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणं ही सगळ्यात चांगली पडताळणी.

खाफ्रेचा सेकेद सव्वापाच, म्हणजे उंची आणि निम्मी बाजू ४ : ३ मध्ये. निम्मी बाजू ३, उंची ४, तिरकस उंची ५, असा हा सरळ हिशेब. १०७.६५ ला ३ ने भागून ५ ने गुणलं की तिरकस उंची १७९.४ मीटर.

एकक बदलताना घनाचा गुणक घ्यायचा हे वर आलंच, पण फुटांत ते जास्त नडतं. घनमीटरला ३.२८ ने गुणून घनफूट होत नाहीत, ३५.३ ने गुणावं लागतं. खुफूचे सुमारे ९ कोटी १५ लाख घनफूट. वाळू-मुरमाच्या भाषेत शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ९ लाख १५ हजार ब्रास. दोन ब्रासच्या ट्रकने न्यायचं तर साडेचार लाखांहून जास्त खेपा.

टोक नसलेला पिरॅमिड

खुफूची आजची उंची सुमारे १३८.५ मीटर आहे. मग सूत्रात १३८.५ घालायची का? घालून पाहा: ५३,०३८.०९ × १३८.५ ÷ ३ = २४,४८,५९२. मूळ घनफळापेक्षा १ लाख ४३ हजार घनमीटर कमी. पण नाहीसं झालेलं टोक खरंच एवढं मोठं होतं का?

ते टोक स्वतःच एक छोटा पिरॅमिड होतं. उंची ८.१ मीटर, आणि त्याच्या पायाची बाजू २३०.३ × ८.१ ÷ १४६.६ = १२.७ मीटर. घनफळ ४३७ घनमीटर. बस्स, ४३७. कमी उंची सूत्रात घातली की आपण टोक छाटत नाही, सगळा पिरॅमिड वरून दाबून बसका करतो. म्हणून तीनशेपटीहून मोठी चूक होते. (खुफूच्या बाजूंवरचं पांढऱ्या चुनखडीचं कवचही बहुतेक गेलेलं आहे. तो हिशेब वेगळा, आणि टोकापेक्षा तो कितीतरी मोठा आहे.)

वरच्या भागात किती थोडं असतं, हे एकदा लक्षात आलं की पिरॅमिडकडे पाहण्याची नजर बदलते. अर्ध्या उंचीच्या वर फक्त आठवा हिस्सा असतो. खालच्या अर्ध्या उंचीत २२ लाख ६८ हजार घनमीटर, वरच्या अर्ध्यात ३ लाख २४ हजार.

टोक छाटलेल्या आकाराला, म्हणजे शंकुछेदाच्या चौरस भावंडाला, वेगळं सूत्र आहे. मॉस्कोत असलेल्या, इ.स.पू. १८५० च्या आसपासच्या इजिप्शियन गणिती पपायरसात चौदावं उदाहरण नेमकं हेच आहे: खालची बाजू ४, वरची २, उंची ६. रीत अशी: ४ चा वर्ग १६, ४ × २ = ८, २ चा वर्ग ४; बेरीज २८. उंचीचा तिसरा हिस्सा २. उत्तर ५६.

मराठी वाचकाने मात्र लीलावतीतली रीत लक्षात ठेवावी, ती जास्त कामाची आहे. भास्कराचार्य खड्ड्याचं घनफळ काढताना सांगतात: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि दोन्हींच्या लांबी-रुंदीच्या बेरजा घेऊन होणारं क्षेत्रफळ, या तिघांची बेरीज करून सहाने भागा, मग खोलीने गुणा. त्यांचंच उदाहरण: तोंड १२ × १०, तळ ६ × ५, खोली ७. १२० + ३० + (१८ × १५ = २७०) = ४२०; सहाने भागून ७०; सातने गुणून ४९०. पपायरसाचं उदाहरण याच रीतीने केलं तर १६ + ४ + ३६ = ५६, सहाने भागा, सहाने गुणा, परत ५६. वर्गमूळ कुठेच नाही, आणि वरचा-खालचा आयत वेगवेगळ्या प्रमाणांत असले तरी उत्तर बरोबर येतं. वर्गमुळाचं प्रचलित सूत्र (दोन क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज × उंची ÷ ३) तिथे चुकतं. शेततळ्याची माती काढायची असो की उतरत्या बाजूंचा खड्डा, हीच रीत चालते.

वाकडा पिरॅमिड

इजिप्तमध्येच दहशूरला स्नेफेरू राजाचा एक पिरॅमिड आहे, ज्याचा उतार मध्येच बदलतो. खाली साधारण ५४ अंश, वर साधारण ४३. बाजू १८९.४ मीटर, ४७ मीटरवर वळण, एकूण उंची सुमारे १०४.७. याला सरळ सूत्र लावलं की १२ लाख ५२ हजार येतात. उत्तर नेटकं दिसतं, पण चुकीचं आहे, कारण बाजू सरळ नाहीत. वळणापाशी पिरॅमिड बाहेर फुगलेला आहे.

दोन तुकडे करा. वळणाच्या उंचीवर बाजू किती उरली? ५४ अंश २७ मिनिटांचा टॅन १.३९९, ४७ ÷ १.३९९ = ३३.६ मीटर दोन्हीकडून आत. १८९.४ − ६७.२ = १२२.२.

खालचा तुकडा लीलावतीच्या रीतीने: १८९.४ चा वर्ग ३५,८७२, १२२.२ चा वर्ग १४,९३३, ३११.६ चा वर्ग ९७,०९५. बेरीज भागिले सहा, गुणिले ४७: सुमारे ११ लाख ५८ हजार ५००. वरचा तुकडा साधा पिरॅमिड, उंची ५७.७: सुमारे २ लाख ८७ हजार २००. एकूण १४ लाख ४६ हजारांच्या आसपास. सरळ सूत्राने यातले १ लाख ९४ हजार घनमीटर गिळले होते.

खालच्या तुकड्यासाठी वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळाची सरासरी घेण्याचा मोह होतो. तसं केलं तर ११ लाख ९४ हजार येतात, तीन टक्के जास्त. बाजूंची सरासरी घेऊन तिचा वर्ग केला तर ११ लाख ४१ हजार, दीड टक्का कमी. दोन्ही सोप्या रीती खऱ्या उत्तराच्या दोन बाजूंना पडतात, हे पडताळणीसाठी ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तुलना

सगळ्यांची मूळ मापं घ्या, एकाची मूळ आणि दुसऱ्याची आजची नको.

खुफू: पायाची बाजू २३०.३ मीटर, उंची १४६.६, २५ लाख ९२ हजार घनमीटर.
खाफ्रे: २१५.३, उंची १४३.५; २२ लाख १७ हजार.
लाल पिरॅमिड, दहशूर: २२०, उंची १०५, १६ लाख ९४ हजार.
वाकडा पिरॅमिड: १४ लाख ४६ हजार.
मेनकौरे: १०२.२ × १०४.६, उंची ६५.५; २ लाख ३३ हजार.

झटपट तुलनेसाठी उंचीच्या गुणोत्तराचा घन करतात. मेनकौरेची उंची खुफूच्या ०.४४७ पट, घन केला की ०.०८९, त्यावरून २ लाख ३१ हजार. खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. डोळ्याला निम्म्याहून थोडा लहान दिसणारा पिरॅमिड प्रत्यक्षात अकरावा हिस्सा असतो तो असा.

पण ही युक्ती दोघांचा उतार सारखा असेल तरच चालते. खाफ्रेला लावली तर खुफूच्या ०.९४ पट येते. खरं गुणोत्तर ०.८५५. खाफ्रे जास्त उभा आहे, उंचीच्या मानाने त्याचा पाया अरुंद. लाल पिरॅमिडवर तर युक्ती पार कोसळते: घनाने ०.३७, प्रत्यक्षात ०.६५. तो बसका आहे. त्याची बाजू खाफ्रेपेक्षा ४.७ मीटरने मोठी असूनही घनफळ चोवीस टक्क्यांनी कमी आहे. उतार वेगळे असले की आधी पायांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढा, मग उंचीचं, आणि दोन्हींचा गुणाकार करा. तीनने भागायचीही गरज पडत नाही, दोन्हीकडचा तीन कटतो.

मोजणीत मेहनत घ्यायची तर पायावर घ्या. बाजूत एक टक्का चूक म्हणजे घनफळात दोन टक्के. उंचीत एक टक्का चूक म्हणजे एकच. खुफूच्या बाजूत एक मीटर इकडे-तिकडे झालं तर साडेबावीस हजार घनमीटर सरकतात, उंचीत एक मीटर सरकला तर १७ हजार ७००. आतल्या खोल्यांची चिंता नको: राजाची खोली म्हणतात ती सुमारे ३१९ घनमीटरची, म्हणजे एकूण घनफळाच्या एका टक्क्याचा ऐंशीवा भागसुद्धा नाही. मात्र या घनफळाला "रचलेला दगड" म्हणू नका. खुफूच्या पोटात मूळ खडकाचा उंचवटा तसाच ठेवलेला आहे, तो कोणी वाहून आणलेला नाही.

जगातला सगळ्यात मोठा पिरॅमिड घनफळाने कोणता, या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर मेक्सिकोतला चोलुला. उंची ५४ मीटर, पाया सुमारे १८.२ हेक्टर, घनफळ ३३ लाख घनमीटर, असे आकडे दिले जातात. पडताळा: १,८२,००० × ५४ ÷ ३ = ३२,७६,०००. म्हणजे तो टोकदार मानल्यावर येणाऱ्या आकड्याशी हा जुळतो. पण चोलुलाचा माथा सपाट आहे, त्यावर चर्च उभं आहे, आणि रचना पायऱ्यांची, थरावर थर चढवलेली. अशा आकाराला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा लागतो, ४४.५ लाख असाही आकडा छापलेला दिसतो. वरून माती आणि झाडी असल्याने पायाची हद्द नेमकी कुठे धरायची, यावरच बरंचसं उत्तर ठरतं. खालच्या आकड्याने मोजलं तरी खुफूच्या उंचीच्या जेमतेम सदतीस टक्के असलेला हा ढिगारा त्याच्याहून सात लाख घनमीटरांनी मोठा भरतो.